वेबपेजचे टायटल कसे लिहावे: शब्द, लांबी आणि तपासणी

सर्चचे निकाल कोणी ओळ न् ओळ वाचत नाही. नजर वरून खाली घसरत जाते आणि मनातल्या प्रश्नाशी जुळणारे शब्द दिसले की थबकते. ती थबकण्याची जागा म्हणजे पेजचे टायटल. आतला मजकूर कितीही मेहनतीने लिहिलेला असो, या एका ओळीवर नजर थांबली नाही तर तो उघडलाच जात नाही. तरीही बहुतेक साइटवर टायटल हा प्रकाशित करण्याआधी घाईघाईने भरायचा रकाना असतो, आणि याचे वाईट वाटते, कारण ही ओळ नीट लिहायला फार तर पंधरा-वीस मिनिटे लागतात.

टायटल जमले की नाही हे ओळखायला एक कसोटी पुरते. हेच टायटल त्याच साइटच्या दुसऱ्या पेजला लावले तर खपून जाईल का? जात असेल तर ते अजून लिहून झालेले नाही. पुढे जे सांगितले आहे ते बहुतेक याच कसोटीतून निघते.

टायटल नेमके कोणते

टायटल टॅग पेजच्या कोडमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या हेड भागात असतो आणि एका पेजला तो एकच असायला हवा. पेजच्या मजकुरात तो दिसत नाही. दिसतो ब्राउझरच्या टॅबवर, बुकमार्कमध्ये, हिस्टरीत आणि सर्चच्या निकालात. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला पेज उघडल्यावर सहसा सगळ्यात आधी ऐकू येते तेही हेच. म्हणून वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मानकात पेजला विषय सांगणारे टायटल असणे ही ‘ए’ या मूळ पातळीचीच अट आहे.

एच-वन म्हणजे पेजवर मोठ्या अक्षरात दिसणारा मथळा, तो वेगळा. ओपन ग्राफ टायटल म्हणजे लिंक सोशल मीडियावर किंवा मेसेजमध्ये पाठवली की चौकटीत येणारे नाव, तेही वेगळे. मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे निकालात टायटलखाली येऊ शकणारा मजकूर. अनेक सॉफ्टवेअरमध्ये टायटल टॅग, एच-वन आणि ओपन ग्राफ टायटल या तिन्ही जागी एकच मजकूर आपोआप जातो, त्यामुळे ते एकच आहेत असा समज होतो. तसे नाही. तिन्ही वेगळे लिहिता येतात, फक्त तिन्हींचा अर्थ एक हवा. मेटा कीवर्ड नावाचा रकाना अजून दिसत असेल तर तो रिकामा सोडा. रँकिंगसाठी, म्हणजे निकालातला क्रम ठरवायला, तो आपण वापरत नाही हे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे.

आधी शब्द गोळा करा

टायटल लिहायला बसण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा: हे पेज वाचून झाल्यावर माणसाला काय करता येईल किंवा काय कळेल? उदाहरणादाखल एक साधे पेज घेऊ. विषय आहे गळणारा नळ घरच्या घरी दुरुस्त करणे. आत वॉशर कसा बदलायचा याच्या सहा पायऱ्या आहेत. मग वाक्य होईल: ‘वाचणाऱ्याला नळाचा वॉशर स्वतः बदलून गळती थांबवता येईल.’ हे वाक्य एका दमात लिहिता येत नसेल तर दोष टायटलचा नाही. पेजमध्ये दोन विषय कोंबलेले आहेत आणि ते आधी वेगळे करायला हवेत.

आता शोधणाऱ्याचे शब्द शोधा. ज्याच्या घरी नळ गळतोय तो ‘नळजोडणीतील गळती निवारण’ असे टाइप करत नाही. तो ‘नळ गळतोय’, ‘गळणारा नळ’, ‘नळातून पाणी टपकते’, ‘नळाचा वॉशर कसा बदलायचा’ असे लिहितो. हे शब्द मिळवायचे खात्रीचे ठिकाण म्हणजे सर्च कन्सोल, साइटच्या मालकांसाठीचे गूगलचे साधन. त्यातल्या परफॉर्मन्स अहवालात एक पेज निवडले की लोक कोणते शब्द टाकून त्या पेजपर्यंत आले, ते किती वेळा दिसले आणि किती वेळा उघडले गेले हे कळते. मागचा १६ महिन्यांपर्यंतचा डेटा तिथे मिळतो. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी त्यात दाखवले जात नाहीत, म्हणून यादी अपुरी वाटली तर नवल नाही. पेज नवीन असेल तर सर्चच्या चौकटीत पहिले दोन शब्द टाकून थांबा आणि खाली काय सुचवले जाते ते उतरवून घ्या.

मराठीत एक अडचण जास्तीची येते ती विभक्तीची. नळ, नळाचा, नळाला, नळातून अशी एकाच शब्दाची चार रूपे. ती सगळी टायटलमध्ये बसवायच्या नादात ओळ वाचण्यासारखी राहत नाही. लोकांच्या शोधात जे रूप सगळ्यात जास्त दिसते ते टायटलमध्ये घ्या, बाकीची रूपे मजकुरात ओघाने येतातच. पारिभाषिक आणि रोजचा असे दोन शब्द असतील तर टायटलमध्ये रोजचाच ठेवा. ‘संगणक’ आणि ‘कॉम्प्युटर’ यांतला कोणता, याचा निकाल आपल्या आवडीवर सोडू नका, शोधांच्या यादीवर सोडा.

एक टायटल घडताना

पहिला कच्चा मसुदा बहुधा असा येतो:

मुख्यपान – घरदुरुस्ती – लेख – नळ

यात पेजचा पत्ता आहे, विषय नाही. पहिले तीन शब्द साइटच्या शंभर पेजांवर जसेच्या तसे असतील आणि खरा शब्द शेवटी पडला आहे. दुसरा मसुदा उलट टोकाला जातो:

गळणारा नळ, नळ दुरुस्ती, नळ गळती उपाय, नळ वॉशर, सर्वोत्तम नळ दुरुस्ती माहिती

पाच वेळा ‘नळ’. सर्च इंजिनला विषय एकदा सांगितला तरी कळतो, आणि माणसाला ही ओळ फसवी वाटते. गूगल अशी ओळ तशीच दाखवेल याची खात्रीही नाही. तिसरा मसुदा:

नळ गळतोय? हा सोपा उपाय करून पाहा!

हे वाचायला बरे वाटते, पण कोणता उपाय ते सांगत नाही. ‘सोपा’, ‘सर्वोत्तम’, ‘संपूर्ण माहिती’, ‘नक्की वाचा’ हे शब्द कुठल्याही पेजला लागतात, म्हणजे कसोटीवर नापास. ते खोडा आणि त्या जागी पेजमधली एखादी नेमकी वस्तू, आकडा किंवा भाग लिहा:

गळणारा नळ कसा दुरुस्त करावा: वॉशर बदलण्याच्या ६ पायऱ्या

आता समस्या पहिल्या दोन शब्दांत आली, उपाय कोणता ते कळले आणि आत किती वाचायचे आहे तेही. ज्याच्या नळाचा वॉशर ठीक आहे आणि गळती जोडातून होते आहे, तो इथे येणार नाही. ते चांगलेच आहे, कारण तो आला असता तर रिकाम्या हाताने परत गेला असता. जोडातल्या गळतीसाठी दुसरे पेज असेल तर त्याचे टायटल आपोआप वेगळे होते.

आकडा टाकला असेल तर आत पायऱ्या खरोखर सहाच हव्यात. कोणी पुढे मजकुरात एक पायरी वाढवली आणि टायटल तसेच राहिले, असे सर्रास होते. मजकूर बदलला की टायटल वाचायचे, ही सवय लावून घ्या.

लांबी अक्षरांत मोजू नका

‘टायटल ६० अक्षरांचे असावे’ हा सल्ला सगळीकडे सापडतो. गूगलने अशी कोणतीही मर्यादा घातलेली नाही. जागा ठरते ती स्क्रीनच्या रुंदीवर. डेस्कटॉपवर ती साधारण ६०० पिक्सेल धरली जाते, त्यात रोमन लिपीतली ५० ते ६० अक्षरे बसतात, आणि ६० हा आकडा तिथून आलेला आहे. मोबाइलवर टायटल दोन ओळींत मोडते, त्यामुळे तिथला हिशोब वेगळा.

देवनागरीला हा आकडा लावला की मोठी गफलत होते. मोजणारी साधने दिसणारी अक्षरे मोजत नाहीत, युनिकोडचे सुटे घटक मोजतात. ‘दुरुस्ती’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात: दु, रु, स्ती. साधन मोजते आठ: द, उकार, र, उकार, स, हलन्त, त, दीर्घ ईकार. वर तयार केलेल्या नळाच्या टायटलमध्ये दिसणारी अक्षरे २६ आहेत, आकडा धरून. साधन मात्र जागा आणि चिन्हांसकट ५५ दाखवते. म्हणजे साधनाच्या हिशोबाने ते काठावर आलेले आहे, प्रत्यक्षात ओळीत अजून जागा आहे. साधनात इशाऱ्याचा लाल रंग दिसला म्हणून एखादा कामाचा शब्द कापू नका.

रुंदीच मोजायची तर एका कोऱ्या एचटीएमएल फाइलमध्ये ६०० पिक्सेल रुंदीची चौकट करा, अक्षर २० पिक्सेलचे ठेवा आणि त्यात टायटल पेस्ट करून पाहा. ओळ मोडली की समजावे, तिथून पुढचे शब्द डेस्कटॉपवर तीन टिंबांत जाण्याचा धोका आहे. देवनागरीचा फॉन्ट उपकरणागणिक बदलतो, विंडोजवर वेगळा, अँड्रॉइडवर वेगळा. त्यामुळे हे माप ढोबळच राहणार. म्हणून कामाचे शब्द पहिल्या चार-पाच शब्दांत आणणे हे मोजमापापेक्षा जास्त भरवशाचे. शेपूट कापले गेले तरी अर्थ उरला पाहिजे. फार छोटे टायटलही कामाचे नाही: ‘नळ दुरुस्ती’ एवढेच लिहिले तर अर्धी जागा वाया गेली आणि ओळख पटलीच नाही.

साइटचे नाव कुठे

होमपेजवर आधी, बाकी पेजांवर शेवटी. होमपेजला नुसते नाव देऊ नका, नावामागे साइट काय करते ते पाच-सहा शब्दांत सांगा. आतल्या पेजांवर नाव छोटे ठेवा. पूर्ण नाव आणि घोषवाक्य मिळून आठ शब्दांचे होत असेल, तर प्रत्येक पेजच्या खऱ्या विषयाची जागा ते खाते. ऑक्टोबर २०२२ पासून गूगलने मोबाइलवर आणि पुढे डेस्कटॉपवरही साइटचे नाव टायटलच्या वर स्वतंत्र ओळीत दाखवायला सुरुवात केली आहे. त्यामुळे जागा कमी पडत असेल तर आतल्या पेजवरून नाव काढून टाकायला हरकत नाही. विषय आणि नाव यांच्यामध्ये उभी रेघ घ्या, आडवी घ्या किंवा दोन टिंबे (:) घ्या, रँकिंगवर त्याने काही होत नाही. पूर्ण साइटवर एकच खूण ठेवा म्हणजे झाले.

हजारो पेजे असतील तेव्हा

उत्पादनांच्या किंवा यादीच्या साइटवर प्रत्येक टायटल हाताने लिहिणे शक्य नसते, तिथे साचा लागतो: उत्पादनाचे नाव, त्याचा वेगळेपणा सांगणारा गुण, प्रकार, शेवटी साइटचे नाव. गोची होते ती मधल्या गुणात. एकच बूट चार रंगांत असेल आणि चार पेजे असतील, तर रंग साच्यात हवाच, नाहीतर चार पेजे एका नावाची होतात. साच्यातला एखादा रकाना डेटाबेसमध्ये रिकामा असला की टायटल ‘– साइटचे नाव’ असे अर्धवट उरते. साचा लावण्याआधी रिकामे रकाने शोधा आणि ते रिकामे असताना काय दिसावे याचा नियम लिहून ठेवा. यादीच्या पुढच्या पानांना ‘पान २’, ‘पान ३’ असे जोडा. एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या भागांची पेजे असतील तर भागाचा क्रमांक टायटलमध्ये आलाच पाहिजे.

गूगल टायटल का बदलते

आपण एक लिहिले आणि निकालात दुसरेच दिसते, ही तक्रार जुनी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने निकालातली टायटले ठरवण्याची पद्धत बदलली तेव्हा ती फार वाढली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये गूगलनेच सांगितले की सुमारे ८७ टक्के वेळा टायटल टॅगच वापरला जातो. उरलेल्या वेळा ते एच-वन, ओपन ग्राफ टायटल, पेजवरचा ठळक मजकूर किंवा त्या पेजकडे येणाऱ्या लिंकमधले शब्द उचलते.

बदललेले टायटल दिसले की रागावण्याआधी ते आपल्या टॅगशेजारी ठेवून वाचा. काय बिघडले आहे ते बहुधा त्यातच दिसते. साइटचे नाव उडवले असेल तर ते लांब होते किंवा सगळीकडे सारखे होते. एच-वन उचलला असेल तर टॅग आणि मथळा वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते. हे सालाच्या बाबतीत फार घडते: मथळ्यात नवे साल टाकले, टॅगमध्ये जुनेच राहिले. (मजकुराला हात न लावता टायटलमधले साल तेवढे बदलणे मात्र करू नका, वाचणाऱ्याला ते दुसऱ्या परिच्छेदात कळते.) अर्धवट टायटल असेल तर रिकामी जागा भरून दाखवली जाते.

मराठी साइटसाठी यातले एक कारण फार महत्त्वाचे. मजकूर देवनागरीत आणि टायटल इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत असेल, तर गूगल ते बदलून मजकुराच्या भाषेतले आणि लिपीतले टायटल दाखवू शकते. जून २०२२ मध्ये याबद्दलची सुधारणा त्यांनी जाहीर केली होती. लोक रोमन लिपीत टाइप करून शोधतात म्हणून टायटल रोमनमध्ये लिहिण्याची गरज नाही. पेजची मुख्य लिपी जी असेल तीच टायटलची ठेवा.

पेज रोबोट्स फाइलने (सर्च इंजिनने साइटवर कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) अडवलेले असेल तर गूगलला टायटल वाचताच येत नाही, आणि तरीही बाहेरच्या लिंकमुळे ते पेज निकालात येऊ शकते. तेव्हा दिसणारे नाव इतरांनी लिंकसाठी वापरलेले असते. पेज निकालात नकोच असेल तर ते अडवू नका, त्यावर नोइंडेक्स, म्हणजे ‘निकालात दाखवू नका’ असे सांगणारी खूण, लावा. तो वाचण्यासाठी गूगलला आत येऊ द्यावे लागते.

तांत्रिक चुका

टायटल उत्तम लिहिले आणि कोडमध्ये बिघडले, असेही होते. पेज उघडून कंट्रोल आणि यू दाबा, सोर्समध्ये टायटल टॅग शोधा. तो दोनदा सापडला तर एक थीमने (साइटचे रूप ठरवणारा भाग) आणि एक प्लगइनने (जादा सोयीसाठीचा जोड) घातलेला असण्याची शक्यता मोठी. वर्डप्रेसमध्ये ४.१ या आवृत्तीपासून टायटल टॅग वर्डप्रेसकडूनच घालून घेण्याची सोय आहे. थीममध्ये हाताने लिहिलेला टॅग असेल तर तो काढून ती सोय वापरा. चित्रांच्या एसव्हीजी कोडमध्येही टायटल नावाचा टॅग असतो, तो चित्राचा आहे, त्याला हात लावू नका.

‘आणि’साठी अँपरसँडचे (&) चिन्ह वापरले आणि सॉफ्टवेअरने ते दोनदा रूपांतरित केले, तर निकालात मध्येच ‘एएमपी’ ही रोमन अक्षरे उमटतात. सरळ ‘आणि’ लिहा. मराठी अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हे दिसत असतील तर कोडमधली कॅरॅक्टर सेटची (अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणारी) ओळ तपासा. ती यूटीएफ-८ हवी, फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये हवी आणि टायटलच्या आधी असलेली बरी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पेस्ट केला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तुमच्या संगणकावर तो मराठी दिसतो, सर्च इंजिनला मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी असते.

टायटल जावास्क्रिप्टने नंतर भरले जात असेल तर सोर्समध्ये जुने किंवा रिकामे दिसेल. गूगल स्क्रिप्ट चालवून पाहते, पण इतर अनेक बॉट आणि लिंकची चौकट तयार करणारी ॲप तसे करत नाहीत. सर्व्हरकडूनच पूर्ण टायटल येईल असे पाहा. साइट मोठी असेल तर स्क्रीमिंग फ्रॉगसारखे साधन चालवा (५०० पत्त्यांपर्यंत ते फुकट आहे) आणि रिकामी, एकाच पेजवर दोनदा आलेली आणि अनेक पेजांवर एकसारखी असलेली टायटले वेगळी काढा. दुरुस्ती एकसारख्यांपासून सुरू करा, फायदा तिथेच सगळ्यात लवकर दिसतो.

जुने टायटल बदलताना

सर्च कन्सोलमध्ये जी पेजे पुष्कळदा दिसतात पण कमी उघडली जातात ती निवडा. मात्र उघडण्याचे प्रमाण क्रमांकावर फार अवलंबून असते. नवव्या जागेवरच्या पेजला कमी क्लिक मिळाले तर दोष टायटलचा असेलच असे नाही. म्हणून एकच शोधशब्द घ्या आणि त्याची सरासरी जागा फारशी न हलता क्लिक का कमी आहेत ते पाहा. तो शब्द स्वतः सर्चमध्ये टाका आणि वरखाली दिसणारी टायटले वाचा. शेजारच्या ओळी काय सांगतात आणि आपली काय सांगायचे राहते, हे तिथेच कळते.

बदल करताना जुने टायटल, नवे टायटल आणि तारीख एका तक्त्यात लिहून ठेवा. त्याच वेळी पेजचा पत्ता बदलू नका, मजकूरही उलथापालथ करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. नंतर सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पत्ता टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे पेज पुन्हा वाचून नोंदवण्याची, विनंती करा. नवे टायटल निकालात दिसायला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. मोजणी बदलाच्या तारखेपासून नको, नवे टायटल निकालात दिसले त्या दिवसापासून सुरू करा. आधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस घ्या, म्हणजे दोन्हीकडे आठवड्याचे सगळे वार सारखे येतात. सणासुदीचा किंवा सुट्टीचा काळ मध्ये आला असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून पाहा. क्लिक घटले असतील तर तक्त्यातले जुने टायटल परत लावा आणि पुन्हा विनंती पाठवा.